जमीन कुणाची हे विचारण्याआधी माणसं कुणाची? बुरैमी आणि आखाती शेखांचे सीमावाद

वाळवंटवाट (धागा)

संयुक्त अरब अमिरातीचा नकाशा मोठा करून बघा. शारजा पश्चिम किनाऱ्यावर, पण खोर फक्कान, कल्बा आणि दिब्बा अल हिस्न हे त्याचेच तुकडे थेट पूर्व किनाऱ्यावर. अजमान एवढंसं, तेही तीन जागी विखुरलेलं: किनाऱ्यावरचं शहर, मनामा आणि डोंगरातलं मस्फूत. दुबईचं हत्ता मुख्य दुबईपासून तुटलेलं. मध्येच मद्हा नावाचा ओमानचा तुकडा, चारी बाजूंनी अमिरातीनं वेढलेला. आणि मद्ह्याच्या पोटात नह्वा, ते पुन्हा शारजाचं.

हे बघून बहुतेक जण म्हणतात, इंग्रजांनी टेबलाशी बसून मन मानेल तशा रेघा मारल्या. मला ते पटत नाही. टेबलाशी बसून मारलेली रेघ सरळ असते. इजिप्त आणि सुदानमधली बघा. इथल्या वेड्यावाकड्या सीमा झाल्या त्या कुणीतरी गावोगाव फिरून लोकांना "तुम्ही कुणाला मानता?" असं विचारल्यामुळे. 1950च्या दशकात ज्युलियन वॉकर नावाचा तरुण इंग्रज अधिकारी हेच काम करत या भागात हिंडला. विहीर कुणाची, खजुराची बाग कुणाची, इथली टोळी कुठल्या शेखाच्या शब्दावर उठते, हे विचारत विचारत त्यानं नकाशा भरला.

आखातातले सीमावाद समजून घ्यायचे तर मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे राज्य माणसांवर चालत असे आणि जमीन माणसांच्या मागोमाग जात असे. प्रत्येक टोळीचा आपला चराईचा टापू, त्याला दीरा म्हणतात. पाऊस कुठे पडला यावर तो दर वर्षी थोडा सरकायचा. टोळीनं एखाद्या शेखाला बैअत दिली, म्हणजे निष्ठेची शपथ घेतली, की तिचा टापू त्या शेखाच्या छत्राखाली आला. शपथ मोडली की टापूही गेला.

दुबईचा जन्मच असा झाला. 1833मध्ये अबू धाबीच्या बनी यास टोळीतली अल बू फलासा ही शाखा सत्ताधारी शेखाशी पटेना म्हणून उठून दुबईला आली. मक्तूम बिन बुत्ती आणि उबैद बिन सईद हे त्यांचे पुढारी. लढाई न करता एक गाव अबू धाबीच्या हातून निसटलं, कारण माणसं निसटली. त्याच बनी यासमधली कुबैसात ही शाखा 1869मध्ये अशीच रुसून खोर अल उदैदला गेली, आणि शेख जायेद (पहिला) यांना तिला परत आणायला दहाएक वर्षं खटपट करावी लागली. शेखाला सगळ्यात मोठी भीती शत्रूच्या हल्ल्याची नसे, आपली माणसं उठून शेजाऱ्याकडे जातील याची असे.

हे सगळं आपल्या गतीनं चाललं असतं. पण तेल आलं. तेल कंपनीला टोळीची निष्ठा भाड्यानं घेता येत नाही, तिला जमिनीचा तुकडा लागतो आणि त्याला कड लागते. सौदी अरबस्ताननं 1933मध्ये अमेरिकन कंपनीला तेल शोधण्याची सवलत दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं या शेखांचा बाहेरचा कारभार बघणाऱ्या लंडनला विचारलं, सौदीची पूर्व सीमा नेमकी कुठे? लंडननं उत्तर दिलं ते 1913च्या इंग्रज-तुर्की कराराच्या निळ्या रेषेचं. ही रेषा ज्यांच्या डोक्यावरून गेली त्या शेखांना कुणी विचारलंही नव्हतं. सौदीचे राजे इब्न सौद यांनी ती साफ नाकारली. 1939मध्ये अबू धाबीनंही आपली सवलत इराक पेट्रोलियमच्या उपकंपनीला दिली. आता दोन्ही बाजूंना कंपन्या होत्या आणि मधल्या वाळूत सीमा नव्हती.

इथे बुरैमी येतं. हजर डोंगरांच्या पायथ्याशी नऊ गावांचं हे मरुद्यान, जमिनीखालच्या फलज कालव्यांच्या पाण्यावर जगणारं. सहा गावं अबू धाबीकडे (अल ऐन, हिली, कत्तारा, जिमी, मुअतरिद, मुवैजी), तीन मस्कतच्या, म्हणजे ओमानच्या, सुलतानाकडे (बुरैमी, हमासा, सारा). सुलतानाकडे म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात तिथल्या नईम टोळीचे शेख आपल्याच मर्जीनं वागत. सौदी घराण्याच्या वहाबी फौजा 1800च्या सुमारास इथे पहिल्यांदा आल्या, पुढे अधूनमधून येत-जात राहिल्या आणि 1869मध्ये ओमानच्या इमाम अज्जान बिन कैसनी त्यांना कायमचं हाकललं. म्हणजे सौदीला दाखवायला पूर्वापार वहिवाट होती आणि बाकीच्यांना दाखवायला ऐंशी वर्षांची गैरहजेरी.

1949मध्ये सौदीनं अबू धाबीच्या मोठ्या भागावर हक्क सांगितला. 31 ऑगस्ट 1952ला रास तनूराचा अमीर तुर्की बिन अब्दुल्ला अल उतैशान सुमारे 80 माणसं घेऊन, त्यातली निम्मी सशस्त्र, हमासात येऊन बसला. त्यानं एकही गोळी झाडली नाही. मेजवान्या दिल्या, कपडे, धान्य आणि पैसा वाटला आणि शेखांकडून निष्ठेचे कागद गोळा केले. मरुद्यानाच्या दुसऱ्या टोकाला, मुवैजीच्या गढीत, अबू धाबीचे प्रतिनिधी म्हणून जायेद बिन सुलतान 1946पासून बसले होते. पुढे संयुक्त अमिरातीचे अध्यक्ष झाले तेच. त्यांच्याजवळ वाटायला फारसं काही नव्हतं. लोकांमध्ये बसणं, तंटे सोडवणं आणि फलज स्वतः राबून साफ करून घेणं ही त्यांची पुंजी.

तिकडे मस्कतचे सुलतान सईद बिन तैमूर यांनी सोहारला टोळ्यांची मोठी फौज गोळा केली. एरवी त्यांच्याशी फटकून असलेल्या, ओमानच्या अंतर्भागात आपली वेगळी सत्ता चालवणाऱ्या इमामानंही माणसं देऊ केली. ती फौज निघाली असती तर वाद तेव्हाच मिटला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अमेरिकेच्या दबावामुळे इंग्रजांनी सुलतानाला थांबवलं. मग जैसे थे करार, मग 1954मध्ये लवादाचा करार. सप्टेंबर 1955मध्ये जिनिव्हात लवाद बसला आणि आतल्या आत फुटला. सौदीकडून लाचलुचपत आणि साक्षीदारांवर दबाव चालू आहे असा आरोप करत इंग्रज सदस्य रीडर बुलार्ड बाहेर पडले, पाठोपाठ अध्यक्ष शार्ल द व्हिशे यांनीही राजीनामा दिला. 26 ऑक्टोबर 1955ला ट्रुशियल ओमान लेव्हीज (इंग्रजांनी उभारलेली स्थानिक पलटण) आणि सुलतानाच्या फौजेनं सौदी तुकडीला उचलून बाहेर काढलं.

यावर चर्चा व्हावी असं मनापासून वाटतं. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं या भूमीवर पोट भरतात, पण तिचा इतिहास आपल्याला तेल, सोनं आणि मॉल यापलीकडे माहीत नसतो.

सागरिका

धागा आवडला. एक शंका. त्या लवादात सौदीनं पुरावा म्हणून झकातीच्या याद्या दिल्या होत्या असं वाचलं होतं. धार्मिक देणं दिलं म्हणून माणूस प्रजा कसा होतो?

माझ्या डोळ्यासमोर लगेच चौथाई आली. मराठे मोगलांच्या मुलखातून चौथ वसूल करत, 1719च्या सनदेनं दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ रीतसर मिळाली, तरी मुलूख कागदोपत्री बादशहाचाच राहिला. वसुली एकाची आणि राज्य दुसऱ्याचं असं आपल्याकडे राजरोस चालत होतं. मग वाळवंटात वसुली म्हणजेच राज्य, हे कशावरून?

वाळवंटवाट

सागरिका, नेमकं याच प्रश्नावर दोन्ही बाजूंनी गठ्ठेच्या गठ्ठे लिहिले गेले. सौदीची बाजू अशी: झकात गोळा करण्याचा अधिकार मुसलमान राज्यकर्त्याचा असतो. ज्यानं आमच्या माणसाच्या हाती उंटांची किंवा खजुराची झकात दिली, त्यानं आम्हाला राज्यकर्ता मानलं. म्हणून त्यांच्याकडे कोण्या टोळीतल्या कोण्या माणसानं काय दिलं याच्या याद्या होत्या.

अबू धाबी आणि मस्कतच्या वतीनं इंग्रजांनी दिलेलं उत्तर तुमच्या चौथाईच्या अगदी जवळ जातं. ही वसुली सलग नव्हती. वसूल करणारा हत्यारबंद येई तेव्हा संरक्षणाचं देणं म्हणून लोक देऊन टाकत. शिवाय एखादी टोळी पावसामागे सौदीच्या टापूत चरायला गेली आणि तिथे झकात भरली, म्हणून तिचं गाव सौदीचं होत नाही.

मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते. तरी पहिली हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिथे निष्ठा मोजायला दुसरं मापच नव्हतं. जमीन महसूल नाही, सात-बारा नाही, गावकामगार पाटील नाही.

अलऐनवासी

इथे बरीच वर्षं नोकरीनिमित्त आहे, म्हणून दोन शब्द.

अल ऐन आणि बुरैमी ही आज दोन देशांतली शहरं असली तरी जमिनीवर ते एकच गाव आहे. पूर्वी इकडची माणसं भाजी आणायला, कपडे शिवायला सहज तिकडे जात, कुणी अडवत नसे. मग कुंपण आलं, पासपोर्ट लागू लागला. नईम आणि जवाहिर टोळ्यांतली कुटुंबं दोन्हीकडे आहेत. लग्नाचं वऱ्हाड नाक्यावर रांगेत उभं असलेलं मी बघितलं आहे. स्थानिक वृद्धांशी बोलायला बसलात तर पहिला प्रश्न तुम्ही कुठले हा नसतो, कुणापैकी हा असतो.

मद्ह्याबद्दल इथे सांगतात ते असं. 1940च्या आसपास तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारलं, तुम्हाला कुणाच्या छत्राखाली राहायचंय? आजूबाजूचे शेख बघून त्यांनी मस्कतच्या सुलतानाला पसंती दिली, कारण तो सगळ्यात बळकट आणि आपल्या पाण्याचं रक्षण करेल असं वाटलं. नह्वावाल्यांनी शारजा धरलं. खरंखोटं करायला माझ्याकडे कागद नाही, पण गावातल्यांना या गोष्टीचा अभिमान आहे हे नक्की.

दुबईहून हत्त्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर मध्येच ओमानचा पट्टा लागतो, तोही याच कारभारातला.

रोखठोक

माफ करा, पण धाग्यात टोळ्यांच्या निष्ठेचं फार सोवळं चित्र उभं राहतंय. निष्ठा वगैरे काही नाही, जो पैसे देईल त्याच्याकडे जायचं. तुर्कीनं हमासात दोन वर्षं केलं काय? पैसा ओतला. शेखांनी आज याच्याकडून घेतलं, उद्या त्याच्याकडून. जायेद यांनाही प्रचंड रक्कम देऊ केल्याचं लवादापुढे आलं. ते बधले नाहीत, पण असे किती? अशा निष्ठेच्या आधारावर सीमा ठरवणं म्हणजे लिलाव पुकारणं.

आणि इंग्रजांना मोकळं सोडू नका. 1936मध्ये कल्ब्याला एकदम स्वतंत्र संस्थान म्हणून मान्यता दिली, का? तर इम्पीरियल एअरवेजला आणीबाणीला विमान उतरवायला धावपट्टी हवी होती. गरज सरली आणि 1950च्या सुरुवातीला कल्बा परत शारजात घातलं. फुजैराला 1952मध्ये मान्यता दिली, तीही तेल कंपनीला सही करायला कुणीतरी हवं होतं म्हणून. तिथे कुणी टोळ्यांना विचारायला गेलं नव्हतं.

वाळवंटवाट

रोखठोक, कल्बा आणि फुजैराबद्दल पूर्ण सहमत. ते मुद्दे मूळ धाग्यातच यायला हवे होते इतके महत्त्वाचे आहेत.

पैशाबद्दल मात्र नाही. त्या वाळवंटात शेखानं देणं आणि माणसांनी घेणं हे निष्ठेच्या नात्यातच बसतं. जो शेख पाहुण्यापुढे ताट ठेवत नाही, दुष्काळात धान्य देत नाही, त्याला शेख का म्हणायचं, असं लोक उघड विचारत. शखबूत हे 1928 ते 1966 अबू धाबीचे शासक होते. तेलाचा पैसा येऊ लागल्यावरही त्यांनी हात आखडता ठेवला, आणि अखेर घराण्यानंच त्यांना दूर करून त्यांच्या धाकट्या भावाला, जायेद यांना, बसवलं. देण्याघेण्याला लाच म्हणायचं की नातं, हे आपण बाहेरून ठरवतो. जिनिव्हातले न्यायाधीशही बाहेरूनच ठरवत होते.

आणि सगळेच विकले गेले असते तर 1955ला लेव्हीज आल्या तेव्हा सगळं मरुद्यान तुर्कीच्या जागी आलेल्या सौदी तुकडीच्या बाजूनं उभं राहिलं असतं. तसं झालं नाही. सौदीची साथ धरलेले काही शेख पुढे सौदीत निघून गेले, आणि बहुतेक माणसं आपल्या खजुरांपाशी राहिली.

जुने_दप्तर

मुंबईचा या विषयाशी संबंध फार जुना आहे, म्हणून लिहितो.

रास अल खैमावर 1819मध्ये गेलेले आरमार मुंबई बंदरातून निघाले होते, विल्यम कीर ग्रँट त्याचा सेनापती. 1820चा सर्वसाधारण तह त्याच मोहिमेतून झाला. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशेरची इंग्रज रेसिडेन्सी (आखाताचा कारभार बघणारी कचेरी) 1873पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, नंतर हिंदुस्थान सरकारच्या. शेखांचे आपसांतले तंटे, कोण कुणाचे उंट घेऊन गेला, कोणती शाखा कुठे पळाली, याचे अहवाल मुंबईला येत. त्यातला बराच पत्रव्यवहार आजही फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागारात आहे. ज्यांना अभ्यास करायचा असेल त्यांनी लंडनचे तिकीट काढण्याआधी तिथे जावे असे मी आग्रहाने सांगेन.

मस्कत आणि झांझिबारवर राज्य करणाऱ्या दोन भावांमधला वाटणीचा वाद तर हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलनेच निकालात काढला. 1861चा कॅनिंग निवाडा. झांझिबारने मस्कतला वर्षाला 40,000 मारिया थेरेसा चांदीची नाणी द्यायची आणि दोघांनी आपापले राज्य करायचे. आणि चलनाचे म्हणाल तर 1966पर्यंत या शेखांच्या मुलखात रुपयाच चालत होता, 1959नंतर खास आखातासाठी छापलेला.

आता मुद्द्यावर येतो. धागाकर्त्या म्हणतात त्या "माणसांवर राज्य" या कल्पनेचा सर्वांत स्पष्ट कागद बुरैमीचा नाही, मे 1922च्या मुहम्मराच्या तहाचा आहे. नज्द (इब्न सौदचे तेव्हाचे राज्य) आणि इराक यांच्यातील त्या तहात आधी टोळ्या वाटल्या गेल्या: मुंतफिक, जफीर आणि अनाजांपैकी अमारात इराककडे, शम्मर नज्दकडे. टोळ्यांचे टापू आणि विहिरी बघून रेषा नंतर ठरवायची होती. इब्न सौदनी तह मान्य केला नाही, कारण जफीर आपले आहेत असे ते म्हणत.

मग त्याच वर्षी उकैरला बैठक झाली. समुद्रकाठी तंबू ठोकून पाच-सहा दिवस घासाघीस चालली. इब्न सौदचे म्हणणे, सीमा टोळ्यांच्या चराईप्रमाणे असावी. इराकच्या प्रतिनिधीची मागणी थेट रियाधच्या जवळपास पोहोचणारी. शेवटी इराकमधले इंग्रज हाय कमिशनर पर्सी कॉक्स यांनी लाल पेन्सिल घेतली आणि स्वतःच रेषा ओढली. इंग्रज अधिकारी हॅरल्ड डिक्सन हजर होते, त्यांनी लिहून ठेवले आहे की कॉक्स यांनी इब्न सौदना शाळकरी मुलासारखे दटावले. कुवेतकडून तर शेख किंवा त्यांचा माणूस कुणीच बोलायला नव्हते, इंग्रज एजंट मेजर मोर बसले होते. 1913च्या करारात कुवेतच्या प्रभावाखालचा म्हणून दाखवलेला सुमारे दोन तृतीयांश मुलूख त्या पेन्सिलीखाली नज्दकडे गेला.

तरी त्या पेन्सिलीलाही टोळ्यांपुढे थोडे वाकावे लागले. दोन तटस्थ पट्टे ठेवले गेले, जिथे दोन्हीकडच्या टोळ्यांनी चरावे. आणि सीमेजवळच्या विहिरींवर लष्करी ठाणी बांधू नयेत असे कलम आले. त्या कलमाने पुढे रक्त सांडले. इराकने बुसैया येथे पोलीस ठाणे बांधायला घेतले. ते सीमेपासून बऱ्याच अंतरावर होते, पण मुतैर टोळीच्या दृष्टीने पाण्यावर पहारा बसला. नोव्हेंबर 1927मध्ये त्यांनी ठाण्यावर झडप घालून माणसे कापली. पाठोपाठ इंग्रज विमानांचे बॉम्ब आले. मुतैरांचा फैसल अल दवीश इब्न सौदवरच उलटला, 1929मध्ये सबिल्लाची लढाई झाली. ज्या इख्वानांच्या (मुतैरांसारख्या टोळ्यांतल्या कडव्या वहाबी योद्ध्यांच्या) बळावर इब्न सौदनी राज्य उभे केले, त्यांनाच सीमारेषा पाळण्यासाठी त्यांना मोडावे लागले. दवीश पळून कुवेतच्या हद्दीत इंग्रजांना शरण आला आणि 1930मध्ये इंग्रजांनी त्याला इब्न सौदच्या स्वाधीन केले.

सागरिका

दप्तरकाका, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हावा इतका भरीव आहे. "पाण्यावर पहारा बसला" हे वाचून बुसैयाचं कोडं सुटलं. मला नेहमी वाटायचं, एवढ्याशा चौकीवरून एवढं रण का पेटलं. उन्हाळ्यात ती विहीर बंद म्हणजे कळपाचं मरण.

विधिज्ञा

वकिली पेशातली असल्यामुळे मला या वादांचा न्यायालयातला शेवट जास्त खुणावतो. तिथे धागाकर्तीचं म्हणणं टिकत नाही, हे नोंदवायला हवं.

कतारच्या किनाऱ्यावरच्या झुबाऱ्याचा कतार आणि बहारीनमधला वाद घ्या. बहारीनचं अल खलिफा घराणं आधी तिथे वसलेलं, 1783मध्ये तिथूनच त्यांनी बहारीन घेतलं. दीडशे वर्षांनंतरही झुबाऱ्यातल्या नईमांची काही कुटुंबं बहारीनच्या शेखाला मानत, त्याच्याकडून मदत घेत. 1937मध्ये कतारच्या शेख अब्दुल्ला बिन जासिमनी हल्ला करून त्यांना वाकवलं, त्यातले कितीतरी बहारीनला गेले. बहारीनचा दावा सरळ होता: नईम आमचे, म्हणून झुबारा आमचं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 16 मार्च 2001ला तो फेटाळला. टोळीतल्या काहींचं एखाद्या शासकाशी नातं असेल, पण त्या नात्यातून त्या जमिनीवर त्याचा अंमल होता हे सिद्ध होत नाही. झुबारा कतारला, हवार बेटं बहारीनला. हवारचा निकाल आला तोही मुख्यतः 1939च्या इंग्रज निर्णयाच्या आधारावर.

याच खटल्यात कतारनं दाखल केलेले 82 कागद बनावट असल्याचा आक्षेप बहारीननं घेतला आणि शेवटी कतारनं ते मागे घेतले. निष्ठेचा पुरावा कागदावर मागितला की काय होतं, याचं हे उदाहरण मी नव्या वकिलांना नेहमी सांगते.

त्याआधी 1975मध्ये पश्चिम सहाराबद्दल याच न्यायालयानं मत दिलं होतं. मोरोक्कोच्या सुलतानाचं आणि तिथल्या काही टोळ्यांचं निष्ठेचं कायदेशीर नातं होतं हे मान्य, पण त्यावरून प्रदेशावर सार्वभौमत्व ठरत नाही. मोरोक्कोच्या राजानं त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि पुढच्याच महिन्यात लाखो लोकांचा हरित मोर्चा सहारात उतरवला.

वाळवंटवाट

विधिज्ञा, निकाल तसेच आहेत, आणि मला त्यांचा त्रास होतो तो याच कारणानं. न्यायालयानं राज्याची एकच व्याख्या धरली, जमिनीवर सतत दिसणारा अंमल. मैलोन्मैल ओसाड टापूत असा अंमल एकोणिसाव्या शतकात कुणाचाच नव्हता. अशा वेळी ज्याच्या हाती इंग्रज रेसिडेंटचं पत्र, तो जिंकला. झुबाऱ्यातून उठून बहारीनला गेलेल्या नईमांनी तर आपलं मत पायांनी दिलं होतं. ते कुठल्या रकान्यात धरायचं?

विधिज्ञा

तुमचं दुःख कळतं. पण दुसरा रस्ता बघा. निष्ठेवर जमीन द्यायची ठरली तर प्रत्येक शेजारी दुसऱ्याच्या हद्दीतल्या टोळीला चिथावत राहील आणि सीमा कधीच मिटणार नाही. दुबई आणि शारजा एकाच संघराज्यात असूनही त्यांना लवादाकडे जावं लागलं. 1956 आणि 1957मध्ये इंग्रज एजंट ट्रिप यांनी आखून दिलेली सीमा पक्की धरायची की नाही, इथपासून वाद. 1981च्या निवाड्यानं तो प्रशासकीय निर्णय ठरवून पुढचा हिशेब केला. रुक्ष वाटेल, पण त्यानंतर त्या दोघांत बंदुका निघाल्या नाहीत. 1945 ते 1948 दुबई आणि अबू धाबी खोर गनादाच्या बाजूच्या हद्दीवरून लढलेच होते ना?

रोखठोक

विधिज्ञांशी सहमत. आणि 1972 विसरू नका. संघराज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, तोवर शारजा आणि फुजैराच्या माणसांत कल्ब्याजवळच्या जमिनीवरून गोळ्या चालल्या, माणसं मेली, केंद्राचं सैन्य मध्ये पडलं.

बुरैमीचा शेवट काय झाला ते मात्र धाग्यात राहिलं.

वाळवंटवाट

हो. 1955नंतर सौदीनं हक्क सोडला नव्हता. 1971मध्ये संघराज्य झालं तरी सौदीनं मान्यता रोखून धरली. शेवटी ऑगस्ट 1974मध्ये जेद्दाचा करार झाला, राजे फैसल आणि जायेद यांच्यात. सौदीनं बुरैमीवरचा हक्क सोडला. बदल्यात खोर अल उदैदच्या बाजूचा किनारपट्टा सौदीला मिळाला आणि अमिरातीची कतारशी असलेली जमिनीवरची हद्द संपली. दक्षिणेला शैबा-जरारा तेलक्षेत्राचा थोडा भाग अमिरातीच्या बाजूला राहूनही सगळं तेल सौदीचं ठरलं. बुरैमीत तेल कधी सापडलंच नाही. शैबातून 1998पासून ते वाहतं आहे.

ज्या उदैदला कुबैसात रुसून गेले होते, ज्यांना परत आणण्यासाठी अबू धाबीनं एवढा आटापिटा केला होता, तोच किनारा जायेद यांनी बुरैमीच्या माणसांसाठी सोडला. जायेद यांच्या तरुणपणाची सगळी वर्षं त्या माणसांत गेली होती. मला यात राजकारणाइतकीच त्या ओढीचीही बाजू दिसते.

कराराचा मजकूर बरीच वर्षं गुप्त होता आणि अमिरातीच्या मनात सल राहिला. 2009मध्ये तिच्या नागरिकांच्या ओळखपत्रावरच्या नकाशात तो पट्टा आपला दाखवला आहे म्हणून सौदीनं ती ओळखपत्रं सीमेवर चालवून घ्यायचं बंद केलं.

अलऐनवासी

आजही हे संपलेलं नाही, फक्त टोळीच्या शपथेच्या जागी नागरिकत्व आलं आहे. अल मुर्रा टोळी बघा. रुब अल खाली या मोठ्या वाळवंटात फिरणारी, सौदी, कतार आणि पलीकडेही पसरलेली. 1992मध्ये खफूस चौकीवर सौदी आणि कतारमध्ये गोळीबार झाला तो त्यांच्याच चराईच्या पट्ट्यात. 1996मध्ये कतारात सत्तापालट उलटवण्याचा प्रयत्न फसला. त्यात अल मुर्रांपैकी गुफरान शाखेचे काही लोक होते, म्हणून पुढच्या काळात त्या शाखेतल्या हजारोंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. ज्यांचा त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता, अशी बायकामुलंही त्यात आली. तुम्ही तसेही सौदीचे, असं कारण दिलं गेलं. पुष्कळांना नंतर परत मिळालं, सगळ्यांना नाही.

2017मध्ये सौदी आणि इतर शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा सौदीनं याच टोळीचे मेळावे भरवले, आणि कतारनं टोळीच्या शेखाचं नागरिकत्व रद्द केलं. 2021मध्ये कतारात शूरा परिषदेची पहिली निवडणूक झाली. ज्यांचं कुटुंब 1930च्या आधीपासून तिथलं, त्यांनाच मतदानाचा आणि उभं राहण्याचा पूर्ण हक्क होता. अल मुर्रा रस्त्यावर आले. आजोबा पावसामागे उंट घेऊन कुठल्या बाजूला गेले होते, यावर नातवाचं मत ठरत होतं.

जुने_दप्तर

अलऐनवासी, 1930चे वर्ष कतारच्या 1961च्या राष्ट्रीयत्व कायद्यातून आलेले आहे. त्याआधीपासूनचे रहिवासी असा त्यात निकष होता. भटक्या टोळीने "रहिवास" सिद्ध करायचा कसा, हा प्रश्न कायदा करतानाच उभा राहिला असणार. पुराभिलेखागारात अल मुर्रांच्या स्थलांतराचे उल्लेख मिळतात का ते बघायला हवे. कुणी मुंबईत असेल आणि जुनी मोडी-इंग्रजी हस्ताक्षरे वाचायची तयारी असेल तर जरूर कळवा, बरोबर बसू.

सागरिका

मी येते. इंग्रजी हस्ताक्षर वाचता येईल, मोडी शिकते आहे.